आषाढीला झाका, कार्तिकीला उघडा

(शताब्दी सोहळ्यात सायंकाळच्या हरिपाठानंतर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



वीणेकरी बुवा, चोपदार, मृदंगाला उभी असलेली आपली पोरं, टाळकरी मंडळी, डोक्यावर तुळस घेऊन आळंदीपासून पंढरीपर्यंत चालणाऱ्या आयाबाया आणि ज्यांच्या जिवावर आपण घरदार सोडून वीस-वीस दिवस वाटेला लागतो, ती गावात मागं राहणारी सगळी मंडळी, सर्वांना माझा दंडवत.

बुवांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, बुवा, मी कीर्तनकार नाही. निरूपण मला येत नाही. तर बुवा म्हणाले, तुला जे कळतं ते बोल. आता खरं सांगू का, मला कळतं ते गाजरगवत. हसू नका माऊली. या गवतानं मला जेवढं शिकवलं, तेवढं पुष्कळ मोठ्या माणसांनीही शिकवलं नसेल. म्हणून आज त्याच्याविषयीच बोलतो.

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. ज्यांनी ती सुरू केली त्या आपल्या आज्या-पणज्यांनी पहिली तीस वर्षं हे गवत डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. मूळ ते अमेरिका खंडातलं, मेक्सिकोकडचं. आपल्या देशात ते पहिल्यांदा नजरेला आलं १९५५ च्या सुमारास, आणि ते कुठं? पुण्यात. माऊलींची पालखी जिथं दोन दिवस मुक्काम करते त्याच पुण्यात. परदेशी धान्याबरोबर त्याचं बी आलं असं जुनी माणसं सांगतात. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटकचांदणी, कुणी पांढरफुली. पुण्यातून निघालं ते देशभर पसरलं. आता दिवेघाट चढा, जेजुरीला या, फलटण ओलांडा, माळशिरस ओलांडा, रस्त्याच्या दोन्ही अंगांना हेच उभं असतं. आपण पताका घेऊन चालतो, ते पांढरी फुलं घेऊन उभं राहतं.

आता एक हिशोब मांडतो. हा हिशोब कळायला मला निम्मं आयुष्य लागलं.

जूनच्या सुरुवातीला वळवाचा किंवा मृगाचा पाऊस पडतो. त्या ओलीवर गाजरगवताचं बी उगवतं. उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत त्याला फुलं येतात. माऊलींचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला. म्हणजे आपण घरातून निघतो तेव्हा गवत कोवळं असतं, जमिनीला चिकटून गोल पसरलेलं, गाजराच्या पाल्यासारखं. त्या वेळी ते कुणाच्या डोळ्यात भरत नाही. आपण आळंदीला जातो, चालतो, आषाढी करतो, काला घेतो आणि घरी येतो. तोवर ते कमरेला लागलेलं असतं आणि पांढरं फुललेलं असतं. एका झाडाला दहा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत बी धरतं. ते बी वाऱ्यानं जातं, पाटाच्या पाण्यानं जातं, शेळ्यामेंढ्यांच्या अंगावरून जातं, ट्रॅक्टरच्या टायरला लागलेल्या चिखलातून जातं. आपल्या दिंडीच्या ट्रकच्या टायरमधून जात नसेल असं मी म्हणणार नाही. आणि जमिनीत पडलं की कित्येक वर्षं जिवंत राहतं.

म्हणजे बघा, ज्या वीस-बावीस दिवसांत ते उपटायचं असतं, नेमके तेच दिवस आपण वारीत असतो. हा त्या गवताचा दोष नाही आणि वारीचा तर नाहीच नाही. पण आपण गेल्यावर ते काम कुणीतरी करतंच. ते कोण करतं, हे मी पुष्कळ वर्षं विचारलंच नाही.

आमच्याकडं ते काम आमच्या सौ. आणि धाकट्या भावजय करायच्या. मी वारीहून आलो की गळ्यात हार, पायावर पाणी, गावजेवण. मला वाटायचं, केवढं पुण्य पदरात पडलं. एका साली मी घरी आलो, तर सौभाग्यवतींचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल, फुटलेले, पापण्या सुजलेल्या. भाकरीचं पीठ मळता येईना. डॉक्टरांनी सांगितलं, गाजरगवताची ॲलर्जी आहे, पुन्हा हात लावायचा नाही. मी म्हटलं, अगं, आधी का नाही सांगितलं? ती म्हणाली, "तुम्ही विठ्ठलाला भेटून येता. आम्हाला मागं गाजरगवतच भेटतं."

माऊली, ते वाक्य माझ्या काळजात अजून आहे. त्याच रात्री ठरवलं, या गवताचा बंदोबस्त करायचा.

पण मी आधी दोन चुका केल्या, त्याही सांगतो, कारण तुमच्यापैकी बरेच जण आज त्याच करतायत.

पहिली चूक, जाळणं. उपटून बांधावर ढीग लावायचा, वाळला की काडी लावायची. वाटतं, पीडा गेली. पण त्या गवतानं आपल्याच जमिनीतून नत्र, स्फुरद, पालाश ओढून घेतलेलं असतं. जाळलं की नत्र धुरातून वर जातं. खाली राख राहते, तिच्यात थोडं पालाश असतं, तेही बांधावरच पडून पावसानं वाहून जातं. म्हणजे चोर पकडला आणि मुद्देमालासकट जाळून टाकला, अशातली गत.

दुसरी चूक याहून मोठी. पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांनी, म्हणजे नाडेप काकांनी, विटांच्या जाळीदार टाकीत खत करायची पद्धत बसवली, ती तुम्हाला ठाऊक असेल. पद्धत चांगली. मीही टाकी बांधली. पण मी काय केलं? वारीहून आल्यावर फुललेलं गाजरगवत उपटलं आणि टाकीत भरलं. वर घाई केली, पुरतं कुजायच्या आत टाकी फोडली आणि ते खत कांद्याच्या वाफ्यात पसरलं. पुढच्या पावसात काय झालं ते सांगायला नको. कांदा शोधायला लागला. आणि आमच्या वाफ्याचं पाणी खालच्या शेजाऱ्याच्या रानात जातं, तिथंही तेच. त्या शेजाऱ्याच्या पाया पडलो. तो भला माणूस, म्हणाला, दादा, चुकतं माणसाचं. पण त्या एका चुकीपायी आम्ही दोघं तीन वर्षं उपटत होतो.

त्यात पद्धतीचा दोष नव्हता. दोष वेळेचा होता. फूल यायच्या आधीचं गाजरगवत म्हणजे हिरवं खत. फूल आल्यानंतरचं गाजरगवत म्हणजे बियाण्याचं पोतं. आज माझ्या बोलण्यातलं एवढं एकच घरी नेलंत तरी चालेल.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? युरियाचं पोतं मिळतंय की. तर त्याचं उत्तर आपल्या उकिरड्यात आहे. आपल्या लहानपणी प्रत्येक दारात बैलजोडी होती, एखादी गाय, एखादी म्हैस. उन्हाळ्यात गाडीनं शेणखत रानात पडायचं. आता बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर शेण टाकत नाही. माल मात्र पूर्वीपेक्षा जास्त बाहेर जातो. एक क्विंटल ज्वारी बाजारात गेली की तिच्या दाण्यांतून दीड किलोच्या आसपास नत्र आपल्या रानातून गेलं. ऊस गेला, कांदा गेला, दूध गेलं, प्रत्येकाबरोबर थोडी माती गेली म्हणा ना. माती तपासून आणा, सेंद्रिय कर्ब पुष्कळांचा अर्ध्या टक्क्याच्या खाली येतो. मग रान कडक होतं, पाणी धरत नाही, टाकलेला युरियाही पिकाला पुरता लागत नाही.

आपण वारकरी. आपल्याला जाण्याइतकंच परत येण्याचं महत्त्व ठाऊक आहे. पालखी पंढरीला गेली आणि परत आळंदीला आलीच नाही, असं होत नाही. पण आपल्या मातीतून जे गेलं ते परत येत नाही. तिची एकेरीच वारी चाललीय.

बरं, गाजरगवत कुजवल्यानं किती मिळतं, तेही अतिशयोक्ती न करता सांगतो. नीट कुजलेल्या गाजरगवताच्या खतात, वाळलेल्या वजनावर, साधारण एक टक्का नत्र आणि तेवढंच पालाश असतं. आपल्या साध्या शेणखतात ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं. म्हणजे एक टन खतात दहा किलो नत्र. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ते वीस-एकवीस किलो असतं. म्हणजे एक टन खत हे अर्ध्या पोत्याच्या बरोबरीचं. शिवाय खतातलं नत्र एकदम लागू होत नाही, हळूहळू दोन-तीन हंगाम मिळत राहतं. कुणी म्हणेल, अर्ध्या पोत्यासाठी एवढं? पण पोत्यात कर्ब नाही, पालाश नाही, जस्त-लोह नाही, आणि गांडूळ काही पोतं बघून रानात येत नाही. तेव्हा युरिया एकदम बंद करा असं मी सांगत नाही. मी केला नाही. कमी केला, तोही मातीची तपासणी बघून.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. आपल्याच रानातलं तण आपल्याच रानात कुजवलं तर नवीन काही आलं नाही, जाणारं थांबलं एवढंच. पण गायरानातलं, ओढ्याकाठचं, शाळेमागचं, पडीक रानातलं गवत आणून कुजवलं, तर ती खरी भर. आणि तेच गवत उपटल्यानं आपल्या रानात येणारं बीही थांबतं. एका कामात दोन कामं.

आता कृती सांगतो. जबलपूरला तणांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. ऑगस्टच्या १६ ते २२ तारखेला ते लोक गाजरगवताविषयी जागृतीचा सप्ताह करतात. त्यांनी खड्ड्याची पद्धत बसवली आहे. मी तीच करतो, थोडी आपल्या सोयीनं.

उंचवट्यावरची जागा निवडायची, पावसाचं पाणी खड्ड्यात साचता कामा नये. खड्डा तीन फूट खोल, सहा फूट रुंद, दहा फूट लांब. तळ आणि कडा चोपून घट्ट करायच्या, जमलं तर जुन्या फरश्या लावायच्या, म्हणजे रस खाली मुरून जात नाही आणि कडेनं बी उगवत नाही. जवळ शंभर किलो शेण, पाच-सात किलो युरिया, दीड-दोन क्विंटल माती आणि पाण्याचं पिंप ठेवायचं.

गवत मुळासकट उपटायचं. खुरप्यानं वरून कापू नका, कापलेलं पुन्हा फुटतं आणि जमिनीलगतच फुलतं. पाऊस पडून गेल्यावर, वाफशावर, ते हाताला लगेच येतं. साधारण पन्नास किलोचा एक थर अंथरायचा. त्यावर पाच-सात किलो शेण पाण्यात कालवून शिंपायचं. शेण म्हणजे विरजण, त्याशिवाय दही लागत नाही. मग अर्धा किलो युरिया भुरभुरायचा. युरिया नको असेल तर रॉक फॉस्फेट तीन किलो. ट्रायकोडर्मा मिळाला तर पन्नास ग्रॅम. त्यावर दहा-बारा किलो माती. पायानं दाबायचं आणि पुन्हा थर. मी मधे मधे ज्वारीचा सरमाड आणि उसाचं पाचट टाकतो, नुसतं हिरवं गवत चिकट होऊन वास मारतं. ओल किती हवी? मूठभर उचलून दाबा. बोटांतून थेंब दिसले तर बरोबर, धार लागली तर जास्त, काहीच आलं नाही तर कमी.

असे थर रचत खड्डा जमिनीच्या वर फूट-दीड फूट घुमटासारखा आला की शेण, माती आणि भुसा कालवून वरून लिंपून टाकायचा. मग चार-पाच महिने विसरायचं. तो दबत जातो, भेग पडली तर पुन्हा लिंपायचं.

आता गंमत बघा. आषाढी एकादशीला देव निजतो आणि कार्तिकीला उठतो, हा आपला चातुर्मास. बरोबर चार महिने. खड्ड्यालाही तेवढेच लागतात. म्हणून मी नियमच करून टाकला. प्रस्थानाला जायच्या आधी पहिला फेर मारायचा आणि पहिले थर टाकायचे. मधला फेर गावातल्यांनी मारायचा. थर पडला की वर माती टाकून बारदान अंथरायचं. आपण आल्यावर, गुरुपौर्णिमेच्या आत-बाहेर, शेवटचा थर टाकून खड्डा लिंपायचा. चातुर्मासभर उकरून बघायचं नाही. कार्तिकी करून आलं की उघडायचा. गहू-हरभऱ्याच्या पेरणीला खत हाताशी येतं. एका खड्ड्यातून टन-दीड टन निघतं.

उघडल्यावर आधी खात्री करून घ्या. खत काळं-तपकिरी, मोकळं, आणि वास पहिल्या पावसातल्या मातीचा यायला हवा. आमोणीचा वास आला, दांड्या दिसल्या तर अजून महिनाभर झाकून ठेवा. मग दोन परातींमध्ये थोडं थोडं खत घ्या. एकीवर नुसतं पाणी शिंपडत पंधरा दिवस ठेवा, गाजरगवताचं रोप दिसलं तर ते खत रानात नेऊ नका. दुसरीत थोडी माती मिसळून मेथी किंवा मूग टाका. या गवतात एक विष असतं, ते दुसऱ्या बियाण्याला उगवू देत नाही. नीट कुजलं की ते विष मोडतं. मेथी तरारून आली म्हणजे खत झालं. एवढी पंधरा दिवसांची परीक्षा मी त्या कांद्याच्या साली घेतली असती, तर शेजाऱ्याच्या पाया पडायची वेळ आली नसती.

आणि ज्या झाडांना फुलं आलीच आहेत, ती खड्ड्यात घालू नका. ती वेगळी काढून एका जागी वाळवून तिथंच जाळा. तेवढंच जाळायचं. पानांवर पिवळसर, काळ्या रेघांचे भुंगे दिसले तर ती जागा तशीच सोडा. तो मेक्सिकन भुंगा, आपला मित्र. १९८४ साली बेंगळुरूला तो पहिल्यांदा सोडला, हे गवतच त्याचं अन्न. पावसाळ्यात तो पानांची चाळण करतो.

हाताची काळजी मात्र आधी. रबरी मोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला फडकं. ज्यांना दमा आहे, अंगाला खाज येते त्यांनी लांब राहायचं. लहान पोरांना या कामाला लावायचं नाही. शाळेची पोरं रांगेनं उघड्या हातांनी गवत उपटताना मी पाहिलीत, तसं कधी करू नका. आमच्या घरी सौभाग्यवतींनी त्या दिवसापासून या गवताला हात लावलेला नाही. ते काम आता माझं आणि भावाचं. त्या फक्त लांबून सांगतात, "तिकडं एक राहिलं बघा." ते मात्र त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

आता जलपर्णीविषयी, कारण बऱ्याच जणांनी मला विचारलं. आळंदीला इंद्रायणीत आपण ती पाहतो, उजनीच्या पाण्यावर पाहतो. दुरून हिरवं गार, जांभळी फुलं, दिसायला देखणं. खाली पाण्याला ऊन मिळत नाही, हवा मिळत नाही, मासा मरतो, कोळ्याची होडी अडते. ती का वाढते? शहरातलं सांडपाणी नदीत येतं म्हणून. आपल्या रानातलं धान्य शहरात गेलं, ते खाऊन जे उरलं ते गटारातून नदीत आलं आणि जलपर्णीनं ते धरून ठेवलं. म्हणजे आपल्या मातीतून गेलेलं नत्रच तिथं हिरवं होऊन तरंगतंय. मग ते परत आणायला नको का?

आणायला हवं, पण डोळे उघडे ठेवून. तिच्यात शंभरात पंच्याण्णव भाग पाणी असतं. ओली गाडी भरून आणली तर तुम्ही डिझेल जाळून पाणी वाहून आणलं. काठावर चार-सहा दिवस सुकवा, तुकडे करा, मग आणा. आणि सुकवायची ती पुराच्या रेषेच्या वर. काठावर ढीग लावून माणसं घरी जातात आणि पहिल्या पुराबरोबर सगळा ढीग पुन्हा नदीत, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. जलपर्णी पाण्यातलं नत्र शोषते तसं कारखान्यांच्या पाण्यातलं शिसं, कॅडमियम असले जड धातूही शोषते. ते कुजवल्यानं जात नाहीत, खतात तसेच राहतात आणि भाजीतून ताटात येतात. इंद्रायणीवर आळंदीत फेस तरंगताना आपण पाहिला आहे. तो फेस ज्या पाण्यावर येतो, त्यातली जलपर्णी मी माझ्या मेथी-पालकाला घालणार नाही. काढायची जरूर, नदी मोकळी करायची. पण ते खत रस्त्याकडेच्या झाडांना, सावलीच्या झाडांना घाला. ज्या ओढ्या-तळ्यात कारखान्याचं पाणी येत नाही तिथली जलपर्णी खुशाल रानाला घाला. शंका असेल तर खत तपासून घ्या. मातीला परत द्यायचं म्हणून विष परत द्यायचं नाही.

पंढरीची वाट चालताना अरणच्या सावता महाराजांची मला फार आठवण येते. मळ्यातून ते हलले नाहीत. आपल्याकडं सगळ्या संतांच्या पालख्या पंढरीला येतात, पण सावता महाराजांसाठी पांडुरंगाची पालखी अरणला जाते, अशी परंपरा आहे. मला तिचा अर्थ एवढाच लागतो की, मागं राहून मळा राखणाऱ्याला देव कमी लेखत नाही. आपण मात्र लेखतो. गाडगेबाबा गावात आले की आधी हातात खराटा घ्यायचे, गाव झाडायचे, कीर्तन रात्री. हा क्रम आपण विसरायला नको.

म्हणून शंभर वर्षं पूर्ण होताना मी दिंडीपुढं एक मागणं मांडतो. आपल्याकडं पूर्वी सावड होती. आज माझ्या रानात तू, उद्या तुझ्या रानात मी. ती वारीसाठी पुन्हा सुरू करू. प्रस्थानाच्या आधीचे दोन दिवस, जाणारे सगळे मिळून, मागं राहणाऱ्यांच्या बांधापासून सुरुवात करू. आपण गेल्यावर मधला फेर गावातली पुरुषमंडळी आणि तरुण पोरं मारतील, तो एकट्या बायांच्या गळ्यात पडणार नाही. आल्यावर हार घालून घ्यायच्या आधी, एक सकाळ, खड्डे लिंपायला. गावात पाच खड्डे झाले तरी सुरुवात झाली. एकादशीचा नेम, हरिपाठाचा नेम, तसा हाही एक नेम धरू. फूल दिसायच्या आत उपटायचं.

पहिल्या वर्षी गवत कमी झालेलं दिसणार नाही. जमिनीत जुनं बी आहे, ते उगवत राहणार. तिसऱ्या-चौथ्या वर्षी फरक दिसेल, तोही शेजाऱ्यानं केलं तर. एकट्यानं होत नाही हे. दिंडीही एकट्याची होत नाही.

मागच्या कार्तिकीहून आलो आणि खड्डा उघडला. सौभाग्यवती काठावर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मूठभर खत उचललं, वास घेतला आणि म्हणाल्या, "हे आपलं त्या गवताचंच का?" मी म्हटलं, हो. म्हणाल्या, "मग चांगलं झालं." एवढंच. ज्या हातांना त्या गवतानं फोडलं होतं, त्या हातांत ते माती होऊन आलं, हे मी पाहिलं. मला त्या वर्षीची वारी तिथं पावली.